तीन व्होल्टांचा होकार

"तो माझा आहे!"

दोन आवाज एकदमच उठले आणि म्हाताऱ्या दुकानदाराचा हात ड्रॉवरमध्ये थबकला. ड्रॉवरात रिसीव्हर एकच उरला होता. बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिला चार बारीक पाय. बाहेर प्लोवदिव शहराच्या रस्त्यावर मार्चचा पाऊस तिरपा कोसळत होता आणि दुकानाच्या दारात छत्र्यांचं तळं साचलं होतं.

बिल्यानाने मान वळवली. शेजारी वीज कंपनीचं निळं जाकीट घातलेला एक उंच तरुण उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं, आणि डोळ्यांत हसू… अगदी उघड, बिनलाजं हसू.

"आधी मी मागितला," ती म्हणाली.

"आत आधी मी आलो."

"आत येऊन टॉर्च बघत उभे होतात."

"म्हणजे मी काय बघत होतो, ते तुम्ही बघत होतात?"

बिल्यानाचे कान गरम झाले. दुकानदार खोकला. त्याला भांडणात रस होता, पण मागे रांग वाढत होती.

"कशासाठी हवाय एवढा?" तिने आवाज चढवून विचारलं.

"करकोच्यासाठी."

"कुठल्या करकोच्यासाठी?"

"श्टर्कोवोच्या. स्तान्का मावशींनी पाठवलंय."

"मलाही मावशींनीच पाठवलंय!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग एकदमच हसत सुटली. स्तान्का मावशी आमच्या गावच्या सरपंच. एक काम दोघांना सांगायचं, म्हणजे एकजण तरी करतो, हा त्यांचा कारभार. यावेळी मात्र त्यांनी ते नुसतं कामापुरतं केलं होतं की मनात आणखी काही होतं, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला. "मी यावोर. पण पोचवायला मी येणार. गाडी माझी आहे, पाऊस सगळ्यांचा."

आमच्या श्टर्कोवोचं नावच करकोच्यावरून पडलेलं, आणि गेल्या वर्षी नेमका आमच्याच गावात करकोचा उतरला नव्हता. ज्या विजेच्या खांबावर त्याचं घरटं, तो बदलायचं काम रेंगाळलं होतं. पक्षी आला, वर दोन घिरट्या घातल्या, घरट्यापाशी गाडी आणि माणसं पाहिली, आणि सरळ शेजारच्या गावी निघून गेला. मार्चच्या पहिल्या दिवशी मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधायचा, करकोचा दिसला की तो काढून फुललेल्या झाडाला बांधायचा आणि मनातलं काय ते मागून घ्यायचं, अशी आमची रीत. त्या वर्षी लोकांनी दोरे चोरासारखे काढले. स्तान्का मावशींना ते जिव्हारी लागलं. या वर्षी त्यांनी नव्या खांबावर घरटं वेळेत बसवून घेतलं होतं आणि घरट्याखाली वजन ओळखणारा ट्रान्समीटर लावून घेतला होता. करकोचा बसला की वाचनालयात घंटा वाजणार, म्हणजे सगळ्या गावाला एकदम कळणार. ट्रान्समीटर सोफिया शहरातल्या एका पक्षी-अभ्यासक बाईंचा होता. रिसीव्हर आणि घंटा जोडायचं काम बिल्यानाकडे आलं, कारण ती तंत्रशाळेत हेच शिकवायची.

गाडीत खिडक्यांवर वाफ धरली होती. यावोरने गियर टाकला तेव्हा त्याच्या बाहीतून एक दोरा बाहेर आला. असा तसा नव्हे, जाड, गोंड्यांचा, मण्यांचा.

"केवढा मोठा! कुणी बांधला?"

"रालित्साने."

"रालित्सा कोण?" आवाज अगदी साधा ठेवला होता तिने.

"ट्रान्समीटरवाली. चोख काम आहे बाईचं. स्वतः वर चढली परवा, माझ्या आधी. मांजरासारखी."

"हो का," बिल्याना म्हणाली, आणि खिडकीवरची वाफ पुसायला लागली. पुसायचं कारण नव्हतं, बाहेर पावसाशिवाय काही दिसतच नव्हतं.

खरं तर आमच्याकडे पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे सगळ्यांना दोरे बांधतात. त्याचा काही अर्थ नसतो, आणि हे बिल्यानाला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. तिच्याही खिशात स्वतः वळलेला एक जास्तीचा दोरा होता, कुणाला तरी द्यायला म्हणून ठेवलेला. बोटांनी तो तिने चाचपला… आणि खिशातच राहू दिला.

मग रोज संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत दिवा लागायला लागला. खिडकीतून समोर खांब दिसायचा, त्यावर रिकामं घरटं. बिल्याना सोल्डरिंग करायची आणि यावोर वायर धरायचा, म्हणजे जिथे धरायची गरज नाही तिथेही धरायचा. 'तुम्ही' दुसऱ्याच संध्याकाळी गळून पडलं.

"तू नेहमी असं जीभ दातात धरून काम करतेस?"

"तू नेहमी असा तोंडाकडे बघत वायर धरतोस?"

"वायर हलत नाही. तोंड हलतं."

सगळं छान चाललं होतं, फक्त घंटा वाजत नव्हती. खांबावरचा ट्रान्समीटर दर मिनिटाला 'मी आहे, मी आहे' एवढाच निरोप पाठवायचा, चाचणीसाठी. तो येतो की नाही हे डोळ्यांना दिसावं म्हणून बिल्यानाने रिसीव्हरच्या निरोपाच्या पायावर एक छोटासा लाल दिवा जोडला होता. दिवा अगदी नेमाने लुकलुकायचा. पण पलीकडे घंटा वाजवणारा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड ढिम्म. त्याच्या पडद्यावर एक अक्षर उमटायचं नाही.

"सापडेल," यावोर म्हणायचा. "रालित्साला फोन करू? ती चटकन—"

"नको." फार पटकन म्हणाली ती. "माझं मी बघते."

त्या गुरुवारी तो भोपळा भरलेली, पापुद्र्यांची बानित्सा घेऊन आला, कागदात गुंडाळलेली, भट्टीतून नुकतीच काढलेली. बिल्यानाने मोठा घास घेतला आणि तोंड पोळलं. गिळता येईना, थुंकता येईना. नेमकी हीच वेळ त्याने साधली.

"शनिवारी," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "खाली नाच आहे… फेर धरतील सगळे. तू… म्हणजे माझ्या शेजारी, माझा हात धरून… येशील?"

बिल्यानाचा जीव गोळा होऊन डोळ्यांत आला. घासामुळे तर आलाच, पण नुसता घासामुळे नव्हे. बोलणं शक्यच नव्हतं. तिने मान हलवली, वर-खाली, वर-खाली, जोरजोरात.

यावोरच्या चेहऱ्यावरचं हसू जरा विझलं.

"बरं," तो म्हणाला. "बरं, ठीक आहे." आणि वायर खाली ठेवून, उद्या लवकर ड्यूटी आहे असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

बिल्यानाला वाटलं, लाजला. तिला ते आवडलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे 'हो' म्हणताना मान आडवी हलते आणि 'नाही' म्हणताना वर-खाली. बिल्याना चार वर्षं शिकायला परदेशात, ब्रनोला होती, आणि तिकडे सगळं उलटं. सुरुवातीला मेसमधल्या बाई 'आणखी वाढू?' विचारायच्या, ही मान वर-खाली करून नको म्हणायची, आणि ताटात उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांचा डोंगर व्हायचा. शेवटी तिने मानेला तिकडचं वळण लावलं. परत आल्यावर जुनं वळण आलं, पण अर्धंमुर्धं. घाईत असली, घाबरली किंवा लाजली, की तिची मान कुठल्या देशाची हलेल याचा नेम राहत नसे. आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नसे.

शनिवारी तिने आईचे चांदीचे कानातले घातले, लाल बूट घातले आणि वाचनालयाच्या दारात उभी राहिली. आत ढोल आणि सनई सुरू झाली होती. यावोर बाहेर येईल, हात पुढे करेल… ती थांबली. पहिला फेर झाला. दुसरा सुरू झाला. मग तिने दारातून आत डोकावलं.

यावोर फेरात होता. त्याच्या डाव्या हाताला मावशी होत्या आणि उजव्या हातात एका मुलीचा हात होता, उंच, आखूड केसांची, हसताना मान मागे टाकणारी. हीच रालित्सा, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पायांचा ठेका चुकत नव्हता तिचा. मांजरासारखी!

बिल्यानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला विचारतो, मी हो म्हणते, आणि हा हिचा हात धरून नाचतो! त्याहून वाईट म्हणजे ती मुलगी दिसायला खरंच छान होती. बिल्याना मागच्या मागे फिरली. लाल बुटांनी चिखल तुडवत घरी गेली, आणि कानातले काढताना एक कान ओढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तिने रालित्साच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली.

"दोष ट्रान्समीटरमध्येच आहे," तिने स्तान्का मावशींना ठणकावून सांगितलं. "माझा रिसीव्हर ठीक आहे, दिवा लागतो की त्याचा. ती बाई निरोपच तुटका पाठवते. वरून दिसायला झकास, आतून ढिसाळ."

"कोण, ट्रान्समीटर की बाई?" मावशींनी चष्म्यावरून विचारलं.

"ट्रान्समीटर! काढून खाली आणायला सांगा यावोरला."

"अगं, पण करकोचे नदीपर्यंत आलेत म्हणे. आता खांबाशी माणूस वर चढवायची पाळण्याची गाडी लावायची म्हणजे… गेल्या वर्षी काय झालं विसरलीस?"

"मग घंटा वाजणार नाही. मला बोल लावू नका."

यावोर आता संध्याकाळी येत नव्हता. आला तरी दारातूनच विचारायचा, "काही हवंय का?" आणि ती म्हणायची, "काही नको, तुला कामं असतील." दोघंही एवढी सभ्य झाली होती की बघवत नव्हतं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. अनोळखी आवाज, जरा घोगरा, मोकळा.

"बिल्याना? मी रालित्सा. गाडी लागणार म्हणून मी निघालेय, पोचतेच आहे. पण अगं, एक विचारू का? रिसीव्हरच्या पायावर व्होल्टेज मोजलंस का तू?"

"मोजायचं काय त्यात? दिवा लागतोय ना."

"कुठला दिवा?"

"मी लावलाय तो. निरोप आला की लागतो."

"त्याच पायावर लावलायस?" रालित्साने हळूच विचारलं. "बरं… मोज तर एकदा. काढून आणि लावून. माझं चुकलं असेल तर मी खाली आणीनच, पण पक्षी जवळ आलेत गं. एकदा मोज."

त्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच बिल्याना जास्त जळली. फोन ठेवला. मीटर ओढून घेतला. मोजते की! मोजून दाखवते, म्हणजे तोंड बंद होईल बाईचं.

तिने मीटरची टोकं टेकवली आणि वाट बघत बसली. दिवा लुकलुकला. मीटरवर आकडा आला… दोन. दोनच्या जरासा वर.

बिल्यानाने पुन्हा टेकवली. पुन्हा दोन.

हा बोर्ड पाच व्होल्टांवर चालतो. तीनच्या वर आलं तर त्याच्या लेखी 'हो', दीडच्या खाली आलं तर 'नाही', आणि मधलं सगळं नुसती कुजबुज. हे ती दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देते. कुजबुजीवर त्याने उठून घंटा वाजवावी तरी कशी?

तिने चिमट्याने लाल दिवा उपटला. पुन्हा टोकं टेकवली. मिनिटभर… काही नाही… आणि मग आकडा उडाला. तीनच्या वर! बोर्डाच्या पडद्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, एक ओळ उमटली. मी आहे.

रिसीव्हरचा जीव तो केवढा! त्याने आपल्या ताकदीने 'हो' म्हटलं होतं, रोज, दर मिनिटाला. आणि पहारा ठेवायला म्हणून तिने लावलेला दिवाच त्यातला अर्धा जोर पिऊन टाकत होता. रालित्साचं काम चोख होतं. बिल्यानाने दुसऱ्याचं सगळं तपासलं होतं, आपलं सोडून.

तिच्या गालांना आग लागली. तेवढ्यात खिडकीतून घरघर ऐकू आली. समोर खांबाशी पिवळी गाडी लागली होती आणि पाळणा वर चढत होता. पाळण्यात निळं जाकीट.

बोलावं तर सगळ्या गावासमोर, आणि रालित्सासमोर, चूक कबूल करायची. गप्प बसावं तर घरटं याही वर्षी रिकामं. फार वेळ विचार केला नाही तिने, हे मी तिच्या बाजूने सांगतो. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत ती धावली.

बाहेर भुरभुर पाऊस होता. खांबाखाली मावशी, दहा-बारा गावकरी आणि छत्री न घेता आलेली रालित्सा. लांब नदीवर, ढगांच्या पोटाशी, पांढरे ठिपके गोल फिरत होते.

"थांबा!" बिल्याना ओरडली. पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. ती खांबाशी पोचली तेव्हा तिचा श्वास छातीत मावत नव्हता. यावोरने वरून वाकून पाहिलं. त्याचा एक हात ट्रान्समीटरच्या बोल्टवर होता.

"काय गं? काढू ना?" त्याने ओरडून विचारलं.

बोलायला दम नव्हता. बिल्यानाने जिवाच्या आकांताने मान हलवली, आडवी, डावी-उजवी, डावी-उजवी.

"बरं!" यावोर म्हणाला आणि पाना फिरवायला लागला.

बिल्याना आणखी जोरात मान हलवायला लागली. यावोर आणखी जोरात पाना फिरवायला लागला.

"अगं, घाई करतोय ना तो!" मावशी वैतागल्या. "एवढी हो हो काय करतेस?"

"हो कुठे… मी… नको म्हणतेय!" तिला शेवटी आवाज फुटला. "नको! काढू नको! चूक माझी आहे! ट्रान्समीटर चांगला आहे, रालित्साचं सगळं बरोबर आहे… मी दिवा लावला होता, त्यानेच व्होल्टेज खाल्लं! खाली ये, पक्षी येतायत!"

मावशींनी कपाळावर हात मारला.

"मग मान कुठल्या देशातली हलवतेस, कार्टे?"

पाळण्यात यावोर पाना तसाच धरून उभा होता. तो तिच्याकडे बघत होता, पण कुठेतरी दुसरीकडे, मागे, एका गुरुवारी पोचला होता. त्याचे ओठ हलले. मग त्याने घाईघाईने बोल्ट परत आवळला, पाळणा खाली सोडला, आणि एवढ्या वेळात एकदाही तिच्यावरची नजर काढली नाही.

पाळणा उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात रालित्सा शेजारी येऊन उभी राहिली.

"मी पण एकदा असाच दिवा लावला होता," ती म्हणाली. "फक्त एवढ्या लोकांत सांगायची वेळ आली नाही. तुझी कमाल आहे."

"मी तुझ्याबद्दल फार वाईट बोलले," बिल्याना म्हणाली. "ट्रान्समीटरच्या नावाखाली."

"कळलं मला. मावशींनी सांगितलं." रालित्सा हसली, पण पूर्ण नाही. "खरं सांगू? मला आवडतो तो. म्हणून तर नाचायला धरला. पण तो सगळा वेळ दाराकडे बघत होता, आणि तीन वेळा माझा पाय तुडवला." तिने टोपी डोक्यावर ओढली. "आता जा. ती घंटा पक्की कर. तीनच्या जरासंच वर जाणार ते, म्हणजे काठावर पास."

ते खरंच होतं. दिवा काढला तरी जोर बेताचाच. बिल्याना वर आली आणि मध्ये एक ट्रान्झिस्टर बसवायला घेतला, म्हणजे बारीक आवाजाचं बोलणं बोर्डाला पाच व्होल्टांत खणखणीत ऐकू जाईल. जिन्यावर पावलं वाजली. यावोर आत आला आणि वायर धरून बसला, जिथे धरायची गरज नव्हती तिथे.

"बिल्याना."

"हं."

"गुरुवारी. बानित्सा."

"हं…"

"तू मान कशी हलवलीस?"

बिल्यानाचा सोल्डरिंगचा हात हवेत थांबला. तिने आठवून पाहिलं. वर-खाली. वर-खाली. अरे देवा!

"मी… हो म्हणत होते," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "दारात उभी होते मी. लाल बूट घालून."

"आणि मी रात्रभर स्वतःला समजावत होतो, की एवढी जोरात नाही म्हणाली, निदान हळू तरी म्हणायचं होतं!"

"मग तिचा हात का धरलास?"

"तिने धरला. आणि मला वाटलं, तू बघशील, जळशील जरा…" तो ओशाळला. "जळलीस?"

"मुळीच नाही." तिने नाक उडवलं. मग खाली बघून म्हणाली, "तीन दिवस जेवले नाही धड."

तिने शेवटचा टाका लावला, वीज सुरू केली, आणि घंटा कर्कश्श वाजायला लागली. थांबेचना. दोघं खिडकीकडे धावली. घरटं रिकामं.

"अय्या, ट्रान्झिस्टर उलटं करतो ना सगळं!" बिल्यानाने कपाळ बडवलं. "'हो'चं 'नाही', 'नाही'चं 'हो'. प्रोग्राममध्ये फिरवायचं राहिलं माझं."

"म्हणजे हाही ब्रनोला जाऊन आला वाटतं," यावोर म्हणाला.

ती हसत हसतच कीबोर्डवर बसली, एक शब्द बदलला. घंटा थांबली. पावसाचा आवाज पण थांबला होता. यावोरचा खांदा तिच्या खांद्याला जेमतेम टेकला होता आणि दोघांपैकी कुणीही तो हलवत नव्हतं…

घंटा वाजली.

"आता काय केलंस?"

"काही नाही! हात तरी लावलाय का मी?"

त्यांनी एकदमच वर पाहिलं. समोर खांबावर, ओल्या उन्हात, लाल पायांवर तो उभा होता. पंख मिटत होता, मान मागे टाकून चोच वाजवत होता, जणू घर भाड्याने बघायला आलाय आणि पसंत पडलंय. खाली रस्त्यावर गाव ओरडत होतं. मावशींचा आवाज सगळ्यांच्या वर होता आणि त्या रडत होत्या.

बिल्यानाने खिशात हात घातला. दोरा चुरगळला होता, जरा ओलसर झाला होता.

"हा तुला द्यायचा होता. त्या पहिल्या दिवशी, गाडीत."

"मग?"

"तुझ्या मनगटावर जागा नव्हती."

"माणसाला दोन मनगटं असतात, बिल्याना."

तिचे डोळे भरून आले. "आता करकोचा आला. आता नाही बांधता येत."

"मग पुढच्या मार्चला बांध." तो म्हणाला. "मी थांबेन. त्याच्याही पुढच्या मार्चला थांबेन. तू… राहशील माझ्याबरोबर?"

बिल्यानाची मान हलायला लागली, कुठे ते देव जाणे, आणि यावोरने चटकन दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. मान जागच्या जागी थांबली. त्याच्या तळव्यांना ग्रीसचा वास होता आणि ते गरम होते.

"मान नको," तो म्हणाला. "मानेचा भरवसा नाही. तोंडाने सांग."

"हो," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं. तीनच्या खाली होतं."

"हो! हो! हो म्हणतेय ना!"

ते एवढं खणखणीत होतं की खाली रस्त्यावर सगळ्यांच्या माना वर झाल्या. "काय झालं गं?" मावशींनी विचारलं. "पडली का कुठे?" रालित्सा म्हणाली, "नाही मावशी, पाच व्होल्ट आले." मावशींना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी डोळे पुसले आणि वर बघून मान आडवी हलवली, आपल्या गावच्या पद्धतीने.

थोड्या वेळाने सगळं गाव वाचनालयामागच्या फुललेल्या आलुबुखाराच्या झाडाशी जमलं. यावोरने मनगटावरचा रालित्साचा तो गोंड्यांचा, मण्यांचा दोरा सोडला. बिल्यानाने तो त्याच्या हातातून घेतला आणि टाचा उंचावून, हात पोचेल तेवढ्या वरच्या फांदीला स्वतः बांधला. एक गाठ मारली. मग दुसरी. मग तिसरी.

"एवढ्या गाठी कशाला?" यावोरने विचारलं.

"वारा आहे," ती म्हणाली. "उडून परत यायला नको."